भाकरी राहते, कोरड्यास जातं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या आहारगरजांचा सुधारित तक्ता प्रसिद्ध केला. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० उष्मांक लागतात आणि तशाच पुरुषाला २११०, असं त्यात नोंदलं आहे. लोहाच्या रकान्यात मात्र आकडे उलटे पडतात : बाईला २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. भागाकार केला तर दर हजार उष्मांकांमागे बाईच्या अन्नात साडेसतरा मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाच्या अन्नात नऊ पुरतं. शेतात राबणाऱ्या बाईची उष्मांकांची गरज वाढते, पुरुषाचीही वाढते. हा जवळपास दुपटीचा फरक काही हलत नाही. दर महिन्याची पाळी हे त्याचं मुख्य कारण. तिचं पोट त्याच्यापेक्षा कमी अन्नात भरत असेल, पण तिच्या घासात त्याच्या घासाच्या दुप्पट कस लागतो.

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की नेमका हा कसच कमी होतो. गरीब घरातल्या बाईच्या पोषणाचा प्रश्न समजून घ्यायला मला या तक्त्याइतकं चांगलं दार सापडलेलं नाही. उपासमार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिकामं ताट येतं. आजच्या महाराष्ट्रात बहुतेक गरीब घरांतलं ताट रिकामं नसतं. त्यात भाकरी असते, भात असतो, रेशनच्या गव्हाची चपाती असते. नसतं ते त्या भाकरीसोबतचं. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कोरड्यास म्हणतात, तोंडी लावणं म्हणतात, ते कालवण, ती उसळ, ती पालेभाजी.

काटछाटीला एक क्रम असतो. आधी फळं बंद होतात. ती तशीही आजारपणात नाहीतर उपवासालाच घरात येतात. मग दूध चहापुरतं उरतं. मटण-मासळी पंधरवड्यावरून महिन्यावर, महिन्यावरून सणावर जाते. तूरडाळीने २०१५ साली किलोला दोनशे रुपयांचा भाव गाठला होता, त्यानंतरही ती अधूनमधून त्या घरात जाऊन आली आहे. तेव्हा वरणात पाणी वाढतं. भाजी आठवडी बाजार उठायच्या वेळी घ्यायची, म्हणजे ढिगावर स्वस्त मिळते. शेवटी भाकरीबरोबर ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी राहते आणि दोन वेळा गोड चहा. जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे आणखी एक. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी खर्चातले सुमारे ४७ टक्के पैसे अजून अन्नावरच जातात. घरभाडं, शाळेची फी, सावकाराचा हप्ता हे ठरलेले असतात, त्यांना हात लावता येत नाही. अन्नावरचा खर्च हाताशी असतो. त्याला कात्री लावण्याचं काम चुलीपाशी होतं, आणि ते बाईच करते.

ती कात्री घरातल्या सगळ्यांच्या ताटांना सारखी लागत नाही. पीठ मळताना बाई माणसं मोजते : याच्या तीन, त्याच्या दोन, पोरांच्या दीड-दीड. स्वतःच्या भाकऱ्या ती मोजत नाही, उरेल ते तिचं. उरलं नाही तर सकाळचं शिळं आहे. हे कोणी तिच्यावर रोज उठून लादतं असं नाही. लहानपणी तिने आईला असंच जेवताना पाहिलं, लग्नानंतर सासूला पाहिलं. तिला विचारलं तर ती सहज सांगते, मला फारशी भूकच नसते. आपल्या राज्यातल्या कितीतरी कष्टकरी बाया दिवसातून तीन-चार वेळा दातांना मिश्री लावतात. त्याने भूक मरते, हे त्याच सांगतात.

म्हणूनच बाईचं पोषण मोजणं फार अवघड होऊन बसतं. आहारपाहणीत विचारतात, काल दिवसभरात काय खाल्लं? बाई बहुधा काल काय शिजवलं ते सांगते. डाळ केली होती, मेथी केली होती. तिच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे वेगळं विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. अमर्त्य सेन यांनी अनेकदा सांगितलेलं एक उदाहरण इथे आठवतं. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधवा आणि विधुर यांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी जवळपास निम्म्यांनी प्रकृती वाईट किंवा यथातथा असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये तसं सांगणाऱ्या अवघ्या अडीच टक्के निघाल्या. त्या काळातल्या विधवेचं खाणं, तिचे उपास, तिचं घरातलं स्थान ठाऊक असलेल्या कुणालाही हा आकडा अस्वस्थ करील. आपल्याकडे याला अंगावर काढणं म्हणतात.

शरीर मात्र खरं सांगतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. देशाचा आकडा ५७ टक्के, आणि देशातल्या पुरुषांचा २५. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या माणसांमधली ही तफावत आहे. पाळीमुळे काही फरक पडणारच; पण २९ आणि १९ चा तक्ता करणाऱ्यांनी तो आधीच धरलेला आहे. तेवढं अन्न मिळालं असतं तर तफावत इतकी राहिली नसती.

या आकड्यांबद्दल दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. रक्तक्षयाचं कारण प्रत्येक वेळी लोहच नसतं. बी-१२ आणि फोलेट कमी पडणं, जंत, हिवताप आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल हीही कारणं असतात. दुसरं, बोटाच्या थेंबावरून केलेली तपासणी अचूक नसते असा आक्षेप घेतला गेला आणि पाहणीच्या सहाव्या फेरीतून ही तपासणीच वगळण्यात आली. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यामुळे वीस वर्षांच्या तुलनेचा धागा तुटला, याची खंत वाटते.

वजनाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या निघाल्या, तर २३.४ टक्के प्रमाणापेक्षा जास्त. दुसऱ्या गटातल्या सगळ्या सुखवस्तू असतील असं समजायचं कारण नाही. पाव, बटर, साखरेचा चहा, पामतेलात तळलेलं काहीतरी : शहरातल्या गरिबाला सगळ्यात कमी पैशांत जास्तीत जास्त उष्मांक यातूनच मिळतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी साडेसहाला चहा घेऊन निघते, दुपारी दोनला वडापाव खाते आणि रात्री घरच्यांचं झाल्यावर भात. वजन वाढतं, रक्त कमीच राहतं. जागतिक अन्न व कृषी संघटना सकस आहार किती जणांना परवडतो याचा अंदाज दरवर्षी काढते. २०२४ च्या अहवालात भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तो परवडत नाही असं म्हटलं होतं. मोजण्याची पद्धत बदलली की हा आकडा खालीवर होतो. शिवाय तो माणशी सरासरीने काढलेला असतो. घरातल्या शेवटच्या ताटापर्यंत तो पोचत नाही.

या विषयावरचं जगात गाजलेलं काम आपल्या पुण्याजवळ झालं आहे आणि ते मराठी वाचकाला पुरेसं ठाऊक नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला. गावातल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद ठेवायची, गरोदर राहिल्या की त्यांचं खाणं, काम, रक्त तपासायचं, आणि पुढे बाळांचा माग ठेवायचा. त्या मातांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. दिवसाकाठी सुमारे १८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिनं त्यांच्या पोटात जात होती. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती. तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं वजन साडेतीन किलो होतं. पुण्याची बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. कमी पडलं होतं ते स्नायू आणि अवयव. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचं बीज गर्भात पडतं, या विचाराला या अभ्यासाने मोठा आधार दिला.

या अभ्यासातले आणखी दोन निष्कर्ष इथे जास्त महत्त्वाचे आहेत. आईने एकूण उष्मांक किती घेतले, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं ती किती वेळा खाते याच्याशी. म्हणजे काटछाटीत जे आधी जातं, त्याच्याशीच. दुसरा निष्कर्ष कष्टांबद्दलचा : पाणी भरणं, शेतातली कामं, धुणं यांचा भार जितका जास्त, तितकं बाळ लहान. गरिबी बाईच्या अंगावर दोन्ही बाजूंनी येते. ताटातून काढून घेते आणि कामात जास्त खर्ची घालते. त्या मातांमध्ये बी-१२ ची कमतरता साठ टक्क्यांहून अधिक जणींत होती. बी-१२ दूध, अंडी, मांस, मासळी यांतूनच मिळतं. ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि चहापुरतं उरतं, आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेमुळे किंवा पैशांमुळे मांसाहार होत नाही, तिथे ते येणार कुठून?

याच धाग्यावरचा दुसरा प्रयोग मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक नाश्त्याचा पदार्थ बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज द्यायचा. बाळाच्या वजनातला फरक सरसकट दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांत दिसला. आणि त्यातही ज्या फार अशक्त नव्हत्या त्यांच्यात जास्त. गरोदरपणातला मधुमेह मात्र लक्षणीय कमी झाला. या निकालातली एक गोष्ट मनात घर करून राहते. जी मुळातच फार खंगलेली आहे तिला काही महिन्यांचा चांगला नाश्ता पुरत नाही. तिचं कुपोषण तिच्या स्वतःच्या बाळपणापासून चालत आलेलं असतं. लोकसंख्येच्या अभ्यासक डायन कॉफी यांनी २०१५ साली मांडलेला हिशेब असाच होता : गर्भधारणेच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय स्त्रियांपैकी ४२ टक्के कमी वजनाच्या असतात, आणि सहाराखालच्या आफ्रिकेत हे प्रमाण साडेसोळा टक्के आहे. तिथली उत्पन्नं आपल्यापेक्षा जास्त आहेत म्हणून असं नाही. गर्भ राहण्याच्या वयातली बाई म्हणजे आपल्याकडे घरातली सगळ्यात धाकटी सून, आणि तिचं पान सगळ्यांच्या शेवटी.

शेतीतल्या बदलांनी ताटातलं काय नेलं हाही या प्रश्नाचा भाग आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारी, मूग, उडीद यांच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीन घरात शिजत नाही, ते सरळ बाजारात जातं. भाव पडला तर पैसाही नाही आणि कणगीत मूगही नाही. ज्वारीचं क्षेत्र घटल्याने ती महागली, आणि ज्यांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी, त्यांना आता रेशनचा गहू-तांदूळ परवडतो. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास. पांढऱ्या सडीक तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. शेताच्या बांधावर पावसाळ्यात फुकट उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा ही खुरपायला गेलेल्या बाईची हक्काची भाजी होती. ओट्यात घालून आणायची. तणनाशकाच्या फवारणीने तण गेलं तशी ती भाजीही गेली, आणि खुरपणीची मजुरीही गेली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला, तेव्हा बहुतेकांनी त्यांच्याकडे बियाणं जपणारी बाई म्हणून पाहिलं. त्यांनी गावरान वाण जपायला घेतले त्यामागे घरातलं आजारपण आणि खाणं यांचा विचार होता. त्यांच्या कामाची ही बाजू मला जास्त मोलाची वाटते.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर ऊसतोडीकडे पाहावं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. उचल जोडप्याला मिळते, हिशेबात ते जोडपं एक कोयता असतं, आणि व्यवहार मुकादमाशी पुरुषाच्या नावाने होतो. बाई पहाटे तीन-चारला उठून दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापते, कारण फडावर गेलं की चूल नाही. दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. कोपीत परतल्यावर पाणी, धुणं, संध्याकाळचा स्वयंपाक. गावची अंगणवाडी गावी राहिली. रेशनकार्ड आता देशभर कुठेही चालतं असा नियम आहे, पण फडापासून दुकान किती लांब आणि दुकानात जायला वेळ कुणाला! उसाचं वाढं चारा म्हणून विकून आलेले सुटे पैसे, त्यातून त्या दिवसाचं तेल-मिरची-बटाटे. एक दिवस काम बुडालं की खाडा धरला जातो आणि उचलीवर बोजा चढतो.

अशा जगण्यात पाळी हीसुद्धा अडचण होऊन बसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. चर्चा डॉक्टरांची झाली, मुकादमांची झाली, ती व्हायलाच हवी होती. ताटाची चर्चा झाली नाही. ज्या बाईला सहा महिने भाकरी-चटणीवर, रक्त कमी असताना, रोज ओझं वाहायचं आहे, तिला अंगावर जाणारं रक्त थांबवण्याचा तो एक मार्ग दाखवला जातो. तरुण वयात अंडाशयांसह गर्भाशय काढलं की हाडं लवकर झिजू लागतात. कॅल्शियमची गरज वाढते, आणि दूध तर ताटातून आधीच गेलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या बायकांनी हा प्रश्न मुकाट सोसला असं मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बाया मोठ्या संख्येने होत्या. त्या कामांवर सुकडी मिळत होती आणि रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी केली. पक्ष वेगळे, पण हातात एकच लाटणं. गोडेतेल, साखर, रवा, रॉकेल यांचे भाव आणि साठेबाजी हे त्यांचे विषय होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या बाया वीस-वीस गिरणी कामगारांना जेवू घालत, आणि किराणा दुकानदाराच्या उधारीत बुडालेल्या असत. बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळालं तसा किराणा रोखीने येऊ लागला. पन्नास वर्षांपूर्वीच्या या दोन प्रयत्नांत आजच्या धोरणांपेक्षा जास्त शहाणपण दिसतं. एकाने बाजारातल्या भावाला हात घातला, दुसऱ्याने बाईच्या हातातल्या पैशाला.

आता सरकार काय करतं ते पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख केलं. ही तरतूद मला मनापासून आवडते. माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. या धान्याने लाखो घरांत चूल विझू दिली नाही, आणि टाळेबंदीच्या काळात तर तोच एक आधार होता. पण ते धान्य आहे, भाकरीच्या बाजूचं. कोरड्यास त्यात नाही. २०२० साली काही महिने कुटुंबामागे एक किलो डाळ दिली गेली, मग ती थांबली. त्याऐवजी पुढे रेशनच्या तांदळात लोह, फोलेट आणि बी-१२ मिसळलेले दाणे घालू लागले. गावोगावी बायका तांदूळ निवडताना ते दाणे प्लास्टिकचे म्हणून वेचून फेकताना दिसतात; कारण कुणी त्यांना नीट समजावून सांगितलेलंच नाही. समजावलं असतं तरी माझं मत बदललं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरी आणि डाळ खाणाऱ्या माणसांना आपण पांढरा तांदूळ दिला, आणि त्यात लोह परत मिसळतो आहोत. त्यापेक्षा ज्वारी, नाचणी आणि डाळ रेशनवर नेमाने द्यावी.

अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो. त्यासाठी केंद्राने २०१७ साली ठरवलेला दर दिवसाला साडेनऊ रुपये होता. या पैशांत ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. पाकिटं येतात, चव जमत नाही अशा तक्रारी कायमच्या. चव जमली तरी पाकीट घरात गेलं की ते घराचं होतं. पोरं खातात, सासरा खातो. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ देऊ केला होता. प्रत्यक्षात योजना आली ती २०१७ साली, पहिल्या बाळासाठी पाच हजारांची. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच सहा हजार. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर आईच्या अंगातलं रक्त कमी खर्च होतं का, हा प्रश्न ज्यांनी नियम केला त्यांना विचारायला हवा.

मग मोठी घोषणा झाली ती लाडकी बहीण योजनेची. जून २०२४ च्या शासननिर्णयात आर्थिक स्वावलंबनाबरोबर स्त्रियांचं आरोग्य आणि पोषण हे उद्दिष्ट लिहिलेलं आहे. दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात महिना दीड हजार जमा होऊ लागले. मी या योजनेकडे निवडणुकीच्या हिशेबापलीकडे पाहते. बाईच्या नावावर, न मागता, दर महिन्याला येणारा पैसा घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. मध्य प्रदेशातल्या काही गावांत २०११-१३ दरम्यान ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने रोख रकमेचा प्रयोग केला, तेव्हा ताटात डाळी आणि भाज्या वाढल्याचं आढळलं. बांगलादेशात २०१२ ते २०१४ दरम्यान झालेल्या प्रयोगाचा धडा त्याला पुरवणी जोडतो. नुसती रोख किंवा नुसतं धान्य देऊन मुलांचं खुजेपण कमी झालं नाही. रोख रकमेसोबत बायकांच्या नियमित बैठका घेतल्या, खाण्यापिण्याबद्दल त्यांच्याशी, सासूशी, नवऱ्याशीही बोललं गेलं, तिथे ते कमी झालं. आपल्याकडे पैसे खात्यात पडतात आणि बोलणं तिथेच संपतं. गॅस, शाळेची वही, औषध यांच्या रांगेत बाईचं अंडं पुन्हा शेवटी उभं राहतं.

ज्यांच्यासाठी कोणताच रकाना नीट नाही अशा बाया म्हणजे एकट्या, टाकलेल्या, म्हाताऱ्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको कर्जाचा वारसा घेऊन बसते आणि सासरच्या रेशनकार्डावर राहते की नाही हे दिरावर ठरतं. निराधार योजनेचे दीड हजार येतात, उशिरा येतात. चाळिशीनंतर पोषणाच्या योजनांना बाई दिसतच नाही, कारण त्यांच्या लेखी बाई म्हणजे आई. पाहणीतली रक्तक्षयाची मोजणीही ४९ व्या वर्षी थांबत असे.

या सगळ्यात एक योजना वेगळी आहे. २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्राने आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम, पूर्ण जेवण : भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. त्याला चौरस आहार म्हणतात. यंत्रणा म्हणाल तर पैसे वेळेवर येत नाहीत, सेविका पदरमोड करून किराणा उधार आणतात, पाड्यावरून अंगणवाडी लांब पडते, पावसाळ्यात ओढा आडवा येतो. ताटामागे पस्तीस रुपयांचा दर डाळ-अंड्यांच्या भावामागे धापा टाकत राहिला. तरीही माझ्या मते या राज्याने बाईच्या पोषणासाठी केलेलं हे सगळ्यात विचारपूर्वक काम आहे, आणि ते एका साध्या अटीमुळे : जेवण तिथेच बसून खायचं. घरी न्यायचं नाही.

सुरुवातीला ही अट अनेक जणींना जड गेली. मोठं पोर पदराला धरून आलेलं असतं, ते अंड्याकडे बघतं. बाई अर्धं अंडं त्याला देते, उरलेलं पदरात बांधायला जाते, घरी अजून एक आहे म्हणून. सेविका म्हणते, बाई, तू खा, पोरांचं वेगळं आहे. खरंच वेगळं आहे. सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना याच योजनेतून अंडी-केळी मिळतात. मग ती बसते, चार बायकांबरोबर, पाठीला भिंत टेकून, कुणाला वाढायचं नाही, कुणासाठी राखायचं नाही. तिच्यासमोर ताट असतं आणि त्यात कोरड्यास असतं.

बाळ सहा महिन्यांचं झालं की आईचं नाव त्या वहीतून निघतं आणि सातव्या महिन्यात बाळाचं चढतं. त्यानंतरही ती रोज अंगणवाडीत येते, बाळाला कडेवर घेऊन, त्याचं केळं घ्यायला. जेवायला बसत नाही. तिचं नाव पुन्हा लागतं ते पुढच्या खेपेच्या सातव्या महिन्यात.